तरतूद झाली, पैसा कुठे गेला?

(नाशिक येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काही जणींच्या कपाळावर आठी पडली असेल. सरकारी आकडेवारी आणि सरकारी जमाखर्च. हा विषय अर्थशास्त्र शिकलेल्यांचा, आपला नव्हे, असं आपल्याला वाटत आलं आहे. पण आपलं रोजचं काम आठवून बघा. अंगणवाडीत आहार वेळेवर येत नाही, आश्रमशाळेत मुलींना धड न्हाणीघर नाही, रेशनवर धान्य नाही. आपण मोर्चा काढतो, घोषणा देतो, निवेदन देतो. साहेब निवेदन घेतात आणि दोनपैकी एक वाक्य ऐकवतात. एक तर "यासाठी तरतूद झालेली आहे" किंवा "यासाठी निधी उपलब्ध नाही". या दोन वाक्यांपुढे आपण गप्प होतो. आपल्याकडे घोषणा असते, त्यांच्याकडे आकडा असतो. आणि सरकारी कचेरीत आकड्याचंच चालतं.

मला आज एवढंच सांगायचं आहे की तो आकडा आपल्यालाही वाचता येतो. बचत गटाची वही तुम्ही दर महिन्याला लिहिता. कोणाकडून किती जमा झालं, कोणाला किती दिलं, कोणाकडून येणं आहे, शिल्लक किती. एखादीनं पाचशे रुपये घेतले आणि नोंद केली नाही तर पुढच्या बैठकीत तुम्ही तिला सोडत नाही. राज्याच्या अर्थसंकल्पातही हीच चार खाती असतात. शून्यं जास्त असतात आणि भाषा मुद्दाम अवघड ठेवलेली असते, एवढाच फरक.

आणि हे आपण काही नव्यानं सुरू करतो आहोत असंही नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना जोतीराव फुल्यांनी शिक्षणाचा प्रश्न पैशाच्या बाजूनं मांडला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग त्यातला शिक्षणावरचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जास्त आणि शेतकऱ्यांच्या पोरांवर कमी का, असा तो सवाल होता. कर कोण भरतं आणि खर्च कोणावर होतो, हे दोन रकाने शेजारी ठेवून बघायचे, ही रीत आपल्याला तिथून मिळाली आहे.

आपल्या स्त्री-चळवळीचं पाऊलही आकड्यांवरच पुढे पडलं. १९७४ साली भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीचा अहवाल तयार झाला. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव. त्या अहवालानं जनगणनेची जुनीच पुस्तकं उघडून दाखवलं की १९०१ साली देशात दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० उरल्या. आकडे छापलेलेच होते. सत्तर वर्षं ते कोणालाही बघता आले असते. पण बायकांनी ते बायकांच्या बाजूनं वाचले, तेव्हा देशाला कळलं की स्वातंत्र्यानंतरही बाई कमीच होत चालली आहे.

महाराष्ट्रात १९८० नंतर गर्भलिंगनिदानाविरुद्ध मोहीम झाली, तेव्हाही कार्यकर्त्यांनी दवाखान्यांतल्या चाचण्यांची माहिती गोळा केली, मोजदाद केली, ती लोकांपुढे ठेवली. त्यातून १९८८ साली असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. पण कायदा झाला म्हणून काम संपलं नाही, हेही आकड्यांनीच सांगितलं. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. हे तीन आकडे नसते तर "आता तसं काही होत नाही हो" म्हणणाऱ्याला आपण काय उत्तर दिलं असतं?

तेव्हा आकडा समोर आला की आपण तीन प्रश्न विचारायचे. पहिला : कोणाला मोजलं आणि कोणाला वगळलं? दुसरा : पैसा कोणाच्या नावावर दाखवला? आणि तिसरा : शेवटी खरोखर किती खर्च झाला? हे तीन प्रश्न एकेक करून बघू.

पहिला प्रश्न, मोजण्याचा. पहाटे चूल पेटवणारी, पाणी भरणारी, जनावरांचं करणारी, दिवसभर शेतात राबणारी बाई. मोजणी करणारा दारात येतो. घरातला पुरुष बाहेर येतो. "बायको काय करते?" "काही नाही, घरीच असते." झालं, एक कामकरी बाई सरकारी कागदावर रिकामी बसली. स्त्री-संघटनांनी आणि अभ्यासकांनी हे लावून धरलं, तेव्हा १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात शेतावरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनमोबदला कामही धरावं असे शब्द घालण्यात आले. चार शब्दांसाठी केवढी खटपट करावी लागली बघा. पण त्या शब्दांनी काही लाख बायका कागदावर आल्या.

घरकामाचा प्रश्न तरीही राहिलाच. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात आढळलं की सहा वर्षांवरच्या ८१ टक्के बायका रोज बिनपगारी घरकाम करतात, पुरुष २६ टक्के. जे करतात त्यांच्यात बाईचे दिवसाला २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७. म्हणजे बाईचे पाच तास. मुलांचं, आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं करण्यात जातो तो वेळ वेगळाच. हे काम देशाच्या उत्पन्नात धरलं जात नाही. आणि जे उत्पन्नात नाही त्याच्यासाठी पाणी, पाळणाघर, इंधन यांवर पैसा खर्च करायची घाई कोणालाच नसते. घरात नळ नाही हा आपल्याकडे बाईच्या वेळेचा प्रश्न असतो. कचेरीत तो नुसता पाईपलाईनचा प्रश्न होतो.

न मोजण्याचा सगळ्यात क्रूर प्रकार बालमृत्यूंचा. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनं राज्यातल्या इतर संस्थांना बरोबर घेतलं. एकूण १३ संस्थांनी आपापल्या गावांत आणि वस्त्यांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू घरोघर जाऊन नोंदवला. २००१ साली तो अहवाल 'कोवळी पानगळ' या नावानं आला. सरकारी नोंदीपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी जास्त होते. त्यानंतर २००३ साली शासनाला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. हा अभ्यास गावातल्याच माणसांनी केला होता. त्यांच्याकडे मोठी यंत्रं नव्हती, वही आणि पेन्सिल होती.

मृत्यू का लपतात? कारण ज्या कर्मचाऱ्याच्या हद्दीत नोंद जास्त, त्यालाच वरून जाब विचारला जातो. त्यापेक्षा नोंद न करणं सोपं. चार दिवसांचं मूल गेलं तर आईबापही नोंदीला जात नाहीत, दुःखात कोण कागद करणार? पण मैत्रिणींनो, १९६९ च्या कायद्यानं प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू २१ दिवसांत कळवायचा असतो, आणि गावात त्याचं रजिस्टर ग्रामपंचायतीत असतं. नोंद झाली नाही तर ते मूल जन्मलंही नाही आणि गेलंही नाही. मग त्या गावात आणखी एक परिचारिका कशाला हवी, असं वर बसलेल्याला वाटणारच.

आता पैशाकडे वळू.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकाच योजनेपुढे तीन प्रकारचे आकडे असतात. एक, अर्थसंकल्पी अंदाज. हे मार्चमध्ये विधिमंडळात सांगितलेलं असतं. दोन, सुधारित अंदाज. वर्ष सरत आल्यावर कमी-जास्त केलेला आकडा. तीन, प्रत्यक्ष खर्च. हा मागच्या वर्षांचा असतो, म्हणून तो उशिरा दिसतो. वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत येतो तो पहिला. "महिलांसाठी इतके कोटी." आपण टाळ्या वाजवतो. तिसरा आकडा दोन वर्षांनी छापला जातो, तेव्हा त्याची बातमी होत नाही. म्हणून कोणी "तरतूद झालेली आहे" म्हणालं की आपण लगेच विचारायचं : सुधारित किती? वितरित किती झाली? खर्च किती झाली? आणि खर्च कोणत्या महिन्यात झाली? वर्षभर झोपलेला पैसा मार्चअखेरीला धावत सुटतो आणि तेव्हा जे मिळेल ते खरेदी होतं, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे.

ताजं उदाहरण घेऊ. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना. २८ जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये. वर्षाला ४६,००० कोटी लागतील असं तेव्हा सांगितलं गेलं. आता पाटी-पेन्सिल घ्या. एका बाईला वर्षाला १,५०० गुणिले १२ म्हणजे १८,००० रुपये. १० मार्च २०२५ ला पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडला गेला, त्यात या योजनेला ३६,००० कोटी ठेवले. ३६,००० कोटींना १८,००० नं भागा. उत्तर येतं बरोबर दोन कोटी बायका. आणि त्याच अर्थसंकल्पी भाषणात सांगितलं होतं की लाभ मिळालेल्या महिला सुमारे २ कोटी ५३ लाख आहेत. मग वरच्या ५३ लाख बहिणींचं काय होणार होतं? आणि निवडणुकीत कबूल केलेले २,१०० रुपये या पैशात कसे बसणार होते?

भाषणात यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पण आकडा मार्चमध्येच ते सांगत होता. पुढे २०२५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात छाननी सुरू झाली, सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचं सांगून त्यांचा लाभ थांबवला गेला. खरोखर अपात्र असलेल्यांना द्या असं आपण म्हणत नाही. पण छाननी पात्रतेसाठी होते आहे की आधी ठरलेल्या रकमेत बायका बसवण्यासाठी, हा प्रश्न ज्या गटानं मार्चमध्ये हा भागाकार केला असता तो जुलैपर्यंत थांबला नसता.

आता आपल्या नाशिकशी जवळून संबंध असलेली गोष्ट. आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी इथून आलेल्या बाया त्याच्या दारात किती वेळा बसल्या असतील त्याची गणती नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात दर चार माणसांत एक आदिवासी आहे. राज्यात आदिवासींचं प्रमाण ९ टक्क्यांच्या थोडं वर आहे.

पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आदिवासी उपयोजना आली. कल्पना साधी होती. आदिवासी माणूस बाकीच्यांपेक्षा मागे ठेवला गेला आहे, तेव्हा त्याच्या लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा वेगळा काढायचा, म्हणजे मधली दरी भरून निघेल. पण महाराष्ट्रात आधी काय व्हायचं, तर प्रत्येक खातं आपल्या योजना ठरवायचं आणि त्यातला काही खर्च आदिवासींच्या नावावर लिहून टाकायचं. रस्ता आदिवासी गावातून गेला की झाला आदिवासी विकास, मग त्या रस्त्यावरून पलीकडची गाडी का जाईना. १९९१ साली शासनानं माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशीनुसार १९९३-९४ पासून लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे ९ टक्के, रक्कम आधी बाजूला काढून ती आदिवासी विकास खात्याकडे द्यायची आणि कशावर खर्च करायची ते त्या खात्यानं ठरवायचं, अशी पद्धत सुरू झाली. देशात तिला 'महाराष्ट्र पॅटर्न' म्हणू लागले. म्हणजे हे ९ टक्के ही मेहेरबानी नाही. लेखाशीर्ष वेगळं करून मिळवलेला तो वाटा आहे.

आणि २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये काय झालं? लाडक्या बहिणींच्या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये महिला व बालविकास विभागाकडे वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्र्यांनीच उघड नाराजी बोलून दाखवली म्हणून हे लोकांना कळलं. शासनाचं म्हणणं असं की लाडक्या बहिणींमध्ये आदिवासी आणि दलित बहिणीही आहेत, त्यांचे पैसे त्यांच्या उपयोजनेतून दिले, यात वावगं काय?

हे म्हणणं वरवर बरोबर वाटतं, म्हणून ते नीट उलगडून बघू. दोन बहिणी घ्या. एक निफाडची, आदिवासी नसलेली. तिचे दीड हजार राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून येतात. दुसरी सुरगाण्याची, कोकणा किंवा वारली. तिचे दीड हजार आदिवासी उपयोजनेतून, म्हणजे ज्या उपयोजनेतून आश्रमशाळा आणि वसतिगृहं चालतात तिच्यातून. निफाडच्या बहिणीला हातात दीड हजार मिळाले आणि तिचं दुसरं काही कमी झालं नाही. सुरगाण्याच्या बहिणीला हातात दीड हजार मिळाले आणि तिच्या मुलीच्या वसतिगृहाला जो पैसा मिळाला असता त्यातले दीड हजार कमी झाले. एकीला दिलं, दुसरीला तिचंच तिला दिलं. उपयोजना ही सर्वांना मिळतं त्याच्यावर जादा मिळण्यासाठी आहे. सर्वांना मिळतं तेच तिच्यातून दिलं तर जादा असं काही उरत नाही. कागदावर मात्र तोच रुपया दोनदा चमकतो. महिलांसाठी एवढे कोटी, त्यातही तो असतो. आदिवासींसाठी एवढे कोटी, त्यातही तोच असतो.

आणि यात एक मोजणीचाही प्रश्न आहे. ३३५ कोटी ७० लाखांना १,५०० नं भागलं तर, हा एका महिन्याचा हप्ता धरून, सुमारे २२ लाख ३८ हजार आदिवासी बायका होतात. त्या कोणत्या तालुक्यांतल्या? नाशिक जिल्ह्यात किती? त्यांची यादी प्रकल्प कार्यालयाकडे आहे का? पेठच्या किती बायकांचे अर्ज आधार-बँक जोडणीअभावी अडकले आणि त्यांच्या नावाचा पैसा मात्र उपयोजनेतून गेला? हे प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी विचारायचे नाहीत तर कोणी विचारायचे?

मला इथे गैरसमज नको आहे. दीड हजारांना मी नावं ठेवत नाही. ज्या बाईच्या हातात लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या नावावरचा पैसा आला, तिला तो किती मोलाचा आहे हे आपण डोळ्यांनी पाहतो. तिला "सरकारनं तुला विकत घेतलं" असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. पण बाईच्या एका हातात देताना दुसऱ्या हातातून घेतलं जात असेल तर ते तिला सांगायचं काम आपलं आहे. आणि एक बहीण दुसरीच्या वाट्यावर उभी केली जात असेल तर दोघींनी मिळून उभं राहायचं आहे. हे आपण बोललो नाही, तर उद्या आदिवासी संघटना म्हणतील बायकांनी आमचा पैसा नेला, आणि बायका म्हणतील आदिवासी आमच्या योजनेच्या आड येतात. भांडण आपल्यात लागेल आणि हिशेब कोणीच मागणार नाही.

"महिलांसाठी" या शब्दाखाली काय काय घालतात, तेही तपासायचं. केंद्र सरकार २००५-०६ पासून अर्थसंकल्पाबरोबर महिलांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरण देतं. त्यासाठी देशभरच्या स्त्री-संघटनांनी आणि अभ्यासकांनी पाठपुरावा केला होता, ते आपलंच यश आहे. पण त्यात पंतप्रधान आवास योजनेची रक्कमच्या रक्कम शंभर टक्के महिलांसाठी म्हणून दाखवली गेली आहे. घर बाईच्या नावावर असणं चांगलं. पण त्या घरात नवरा, सासरा, मुलगा राहत नाहीत का? एवढी मोठी रक्कम एका ओळीत घातली की महिलांचा आकडा फुगतो, आणि हिंसाग्रस्त बाईच्या आधारगृहाला किती मिळाले, ते त्याच्या सावलीत दिसेनासं होतं.

कोणी म्हणेल, कर भरणाऱ्यांनी हिशेब मागावा, तुम्ही कुठे कर भरता? साबण, चहाची पुडी, पायातली चप्पल, यांवरच्या कराचा भार आपल्यावर पडलेला असतो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा पाळीच्या पॅडवर १२ टक्के कर होता. देशभरच्या बायकांनी आवाज उठवला, तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो काढला. तेव्हा कर कसा भरतो हे आपल्या अंगाला माहीत आहे.

आता काय करायचं, ते सांगते आणि थांबते.

सुरुवात गावापासून करा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. पंचायतीचं उत्पन्न चार लाख असेल तर चाळीस हजार बायका-मुलांचे. मी काम केलेल्या एका गावात या पैशातून अंगणवाडीच्या कुंपणाला रंग लावला होता, दुसऱ्या एका गावात हळदीकुंकवाचा मंडप घातला होता. बायकांना विचारलं तर त्यांना असे १० टक्के असतात हेच माहीत नव्हतं. ज्या वर्षी त्यांनी ते मागितले त्या वर्षी शाळेच्या मुलींच्या संडासाला दार बसलं. रक्कम तेवढीच होती.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती कागदावर होऊ देऊ नका. त्या सभेत जमाखर्चाची वही वाचून दाखवायला सांगा आणि ठराव लिहून घ्या. पेसा क्षेत्रातल्या गावांना आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के थेट, अबंध निधी म्हणून द्यायचे असं २०१४ साली ठरलं. हा पैसा ग्रामसभेच्या कोषाचा आहे, सरपंचाचा किंवा ग्रामसेवकाचा नाही. त्याचं पासबुक बघायला मागा.

जिल्ह्यासाठी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे पुस्तक सांख्यिकी कार्यालय काढतं. राज्यासाठी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' अर्थसंकल्पाच्या आधी येते, आणि ती मराठीतही असते. कोणत्या खात्याला किती पैसा सुटला ते राज्य शासनाच्या 'बीम्स' या संकेतस्थळावर बघता येतं. आपल्या गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हे काम द्या. तिच्या मोबाईलवर ते अर्ध्या तासात निघतं. जे निघत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात तो २००२ च्या कायद्यानं मिळाला होता, २००५ पासून देशभर आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही दहा रुपये लागत नाहीत. अर्जात लांबलचक तक्रार लिहू नका. "अमुक वर्षी, अमुक योजनेची तरतूद, वितरित रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च, तालुकानिहाय" एवढंच मागा. प्रश्न नेमका असला की टाळणं अवघड जातं.

वेळ सांभाळा. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला गेल्यावर मोर्चा नेऊन उपयोग थोडा. मागण्या त्याआधी, हिवाळ्यातच, लेखी आणि आकड्यांसकट गेल्या पाहिजेत. आमदाराला, पालकमंत्र्याला, जिल्हा नियोजन समितीला.

आणि शेवटचं. २०२१ ला व्हायची जनगणना झालीच नाही. आता ती होते आहे, तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातही विचारली जाणार आहे. म्हणजे २०११ नंतर पहिल्यांदा आपण मोजल्या जाणार आहोत. पुढची दहा वर्षं आपल्या गावाला किती रेशन, किती अंगणवाड्या, उपयोजनेत किती टक्के, हे या मोजणीवरून ठरेल. म्हणून प्रत्येक गटानं आपापल्या वस्तीत आधी बैठक घ्या. ऊसतोडीला, द्राक्षाच्या कामाला बाहेर गेलेली कुटुंबं सुटू देऊ नका. एकट्या राहणाऱ्या, टाकलेल्या, विधवा बायका वेगळं घर म्हणून लिहिल्या जातात का बघा. नवजात मुलगी लिहायची राहते, तिला लिहा. आणि मोजणीवाला दारात आला की पुरुषाला उत्तर देऊ देऊ नका. स्वतः पुढे व्हा. "काम करता का?" असं त्यानं विचारलं, तर शेतावरचं, गोठ्यातलं, दुकानातलं, विड्या वळायचं, शिवणाचं, जे जे करता ते सगळं सांगा आणि त्यानं ते लिहिलं की नाही ते वाचून घ्या.

पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटानं तीन आकडे मिळवावेत, अशी माझी विनंती आहे. आपल्या ग्रामपंचायतीचे किंवा प्रभागाचे महिलांसाठीचे पैसे किती होते आणि कशावर गेले. गेल्या वर्षी गावात किती मुलं जन्मली आणि किती दगावली, रजिस्टरमधली आणि प्रत्यक्षातली. आणि तालुक्यात लाडक्या बहिणीचे किती अर्ज मंजूर, किती बंद, त्यात आदिवासी किती. हे तीन आकडे घेऊन आपण सगळ्या पुन्हा भेटू आणि आदिवासी विकास आयुक्तांकडे जाऊ. या वेळी निवेदनाच्या पहिल्या पानावर आपला तक्ता असेल.